‘मनोदर्पण’ : शिक्षकांच्या बाजूने पाहिलेली एक मदतवाहिनी

केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २१ जुलै २०२० रोजी, म्हणजे त्याचे नाव बदलून शिक्षण मंत्रालय होण्याच्या काही दिवस आधी, ‘मनोदर्पण’ ही सेवा सुरू केली. तत्कालीन मंत्री रमेश पोखरियाल ‘निशंक’ यांनी तिचे उद्घाटन केले. आत्मनिर्भर भारत अभियानाचा भाग म्हणून जाहीर झालेल्या या सेवेत एक दूरध्वनी मदतवाहिनी, मार्गदर्शक सूचनांचे संकेतस्थळ, देशभरातील समुपदेशकांची सूची, एक हस्तपुस्तिका आणि ‘सहयोग’ नावाची थेट प्रक्षेपित होणारी सत्रे अशा अनेक गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. विद्यार्थी, त्यांचे कुटुंबीय आणि शिक्षक या तिघांना मानसिक व सामाजिक आधार देणे हा तिचा घोषित हेतू आहे. या तिघांपैकी शेवटच्या घटकाला, म्हणजे शिक्षकाला, तिचा महामारीच्या काळात काय उपयोग होता आणि आज काय आहे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण मर्यादित आहे. विद्यार्थ्यांसाठी ती कशी आहे हा वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलण्याचा अधिकार समुपदेशकांचा अधिक आहे.

मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. त्या दोन वर्षांत शिक्षकांसाठी आलेली प्रत्येक मदत आणि प्रत्येक आदेश माझ्या टेबलावरूनच पुढे जात असे. त्यामुळे सेवा कागदावर कशी आहे आणि शिक्षकांच्या खोलीत पोहोचेपर्यंत तिचे काय होते, हे दोन्ही पाहण्याची संधी आपोआप मिळाली. कोणतीही मदत तपासायची तर आधी दुखणे नेमके काय होते ते सांगायला हवे, म्हणून थोडे त्याविषयी.

मार्च २०२०च्या मध्यावर शाळा बंद झाल्या आणि शिक्षक घरी बसून पगार घेतात असा एक समज गावोगाव पसरला. प्रत्यक्षात त्याच महिन्याचा पगार दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला होता आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘क’ वर्गात मोडणाऱ्या बहुसंख्य शिक्षकांच्या हातात पहिल्या टप्प्यात पंचाहत्तर टक्केच रक्कम आली. त्यानंतर कोणाला जिल्ह्याच्या सीमेवरील तपासणी नाक्यावर, कोणाला विलगीकरण कक्षात, कोणाला स्वस्त धान्य दुकानावर नेमणूक मिळाली. १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली तेव्हा अनेक ठिकाणी शिक्षक ताप मोजण्याचे यंत्र आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरले. त्याच वेळी ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ हा उपक्रमही चालू होता. दीक्षा ॲपवरील अभ्यासमाला रोज पुढे पाठवायची, सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका किती मुलांनी पाहिली याची विचारपूस करायची, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्या वस्तीवर जाऊन पारावर किंवा देवळाच्या ओवरीत शिकवायचे, आणि या सगळ्याचा अहवाल भरायचा.

हा अहवालच ताणाचे मोठे कारण होता, असे मी आजही म्हणेन. रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या केंद्राच्या, म्हणजे परिसरातील शाळांच्या समूहाच्या, व्हॉट्सॲप गटावर एक लिंक येत असे. खाली ठरलेला मजकूर : ‘अत्यंत तातडीचे. उद्या सकाळी दहापर्यंत माहिती भरणे बंधनकारक. माहिती निरंक असल्यास तसे कळवावे.’ रकाने साधारण तेच असत. किती मुलांकडे स्मार्टफोन, किती मुलांकडे साधा फोन, किती मुलांकडे काहीच नाही. आठवड्याभरापूर्वी भरलेले आकडे नव्या तक्त्यात, नव्या क्रमाने, पुन्हा भरायचे. आमच्या गणिताच्या सरांनी एकदा विचारले होते, “मॅडम, पहिली माहिती हरवली, की आमच्यावर विश्वास नाही?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि कोणत्याही समुपदेशकाकडेही ते असण्याची शक्यता नव्हती.

या पार्श्वभूमीवर ‘मनोदर्पण’ने काय दिले ते पाहू. मदतवाहिनीचा जाहीर झालेला क्रमांक ८४४८४४०६३२. आठवड्याचे सातही दिवस, सकाळी आठ ते रात्री आठ, आणि नि:शुल्क. क्रमांक दहा आकडी, दिसायला कोणाच्याही मोबाइलचा असावा असा. त्यामुळे तो खरोखर सरकारी आहे का, पैसे कापले जातील का, अशा शंका शिक्षकांनीच काढल्या. ही बाब किरकोळ वाटेल, परंतु घाबरलेला माणूस लक्षात राहणारा आणि ओळखीचा क्रमांक फिरवतो. पोलिसांचा किंवा रुग्णवाहिकेचा क्रमांक तीन आकडी ठेवण्यामागे काही विचार असतो. संकटाच्या घाईत सेवा उभी राहिली हे मान्य करूनही या निवडीला मी कमी गुण देईन.

वेळेबाबतही तेच. सकाळी आठ ते रात्री आठ ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने पुरेशी वेळ आहे. शिक्षकाचे, त्यातही शिक्षिकेचे, त्या काळातले वेळापत्रक वेगळे होते. सकाळी ऑनलाइन तास, दुपारी सर्वेक्षण, संध्याकाळी स्वयंपाक आणि स्वतःच्या मुलांचा अभ्यास, आणि घरातला एकच चांगला फोन या सगळ्यांत फिरता. एकटेपणाने, कोणी ऐकत नाही अशा जागी, दहा मिनिटे बोलायला मिळायचे ते रात्री सगळे झोपल्यावर, आणि तेव्हा ही वाहिनी बंद असे. सामाजिक न्याय मंत्रालयाने ७ सप्टेंबर २०२० रोजी सुरू केलेली ‘किरण’ ही मदतवाहिनी मात्र चोवीस तास होती आणि तिच्या भाषांमध्ये मराठी होती. शिक्षकांसाठी म्हणून जाहीर झालेल्या सेवेपेक्षा सर्वांसाठी असलेली सेवा शिक्षकाच्या अधिक सोयीची ठरावी, हा विरोधाभास नियोजनकर्त्यांच्या लक्षात यायला हवा होता.

तरीही एका गोष्टीसाठी मी ‘मनोदर्पण’ला मनापासून चांगले म्हणेन. ही सेवा शाळा, केंद्रप्रमुख (शाळांच्या समूहावर देखरेख करणारे अधिकारी), गटशिक्षणाधिकारी या साखळीच्या बाहेर आहे. फोन करणाऱ्या शिक्षकाला कोणाची परवानगी लागत नाही, अर्ज योग्य मार्गाने पाठवावा लागत नाही. मी क्रमांक फळ्यावर लावला त्या दिवशी दोन प्रतिक्रिया आल्या. एका शिक्षिकेने विचारले, “हे मुलांसाठी आहे ना?” आणि एक ज्येष्ठ सर हळूच म्हणाले, “फोन केला तर सेवापुस्तकात नोंद होत नाही ना?” पहिल्या प्रश्नाकडे मी पुढे येतेच. दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे मानसिक ताणासाठी रजा मागणे म्हणजे ‘डोक्यावर परिणाम झाला’ अशी कुजबुज ओढवून घेणे. वैद्यकीय रजेच्या अर्जावर पाठदुखी किंवा पित्त लिहिले जाते, झोप लागत नाही असे कोणी लिहीत नाही. अशा वातावरणात वरिष्ठांच्या साखळीबाहेर असलेला कान हा खरा फायदा आहे. दुर्दैवाने तो ठळकपणे सांगितला गेला नाही. प्रसिद्धिपत्रकात ही सेवा कोण देते, कधी देते हे आले. गुप्ततेची हमी मात्र शिक्षकाला समजेल अशा दोन ओळींत, त्याच्या सेवाविषयक भीतीचे नाव घेऊन, सांगायला हवी होती.

आता पहिला प्रश्न. त्या शिक्षिकेला ही सेवा मुलांसाठी वाटली यात तिची काही चूक नव्हती. उपक्रमाच्या घोषवाक्यातच विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य आहे. हस्तपुस्तिकेचा विषय विद्यार्थ्यांची जीवनकौशल्ये आणि स्वास्थ्य हा आहे. ‘सहयोग’ची सत्रे सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. शिक्षकांसाठीच्या सूचना वाचल्या तर त्यांचा रोख शिक्षकाने मुलांची अस्वस्थता कशी ओळखावी, त्यांना धीर कसा द्यावा, पालकांशी कसे बोलावे याकडेच जास्त आहे. या सूचना वाईट मुळीच नाहीत. अनेक तर आम्ही वापरल्याही. मात्र त्यांतून शिक्षकाचे जे चित्र उभे राहते ते मदत घेणाऱ्याचे नसून मदत पोहोचवणाऱ्याचे आहे. ताणाखाली असलेल्या माणसाच्या हाती आणखी एक जबाबदारी द्यायची आणि त्याला आधार म्हणायचे, असा काहीसा प्रकार इथे झाला आहे. ज्याच्या खांद्यावर आधीच कावड आहे त्याला दुसऱ्याच्या कावडीचा तोल कसा सांभाळावा हे शिकवण्यासारखेच ते होते.

भाषेबद्दल थोडक्यात. संकेतस्थळावरचे बरेच साहित्य इंग्रजी आणि हिंदीत आहे. शहरातील शिक्षकाला ते चालून जाते. परंतु मनातले बोलण्याची गोष्ट निराळी असते. तिथे आपल्या बोलीतच शब्द सुचतात. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही दूरध्वनी समुपदेशन सेवा महामारीच्या कितीतरी आधीपासून, २०१२ पासून, चालू आहे आणि मुंबईतूनच चालते. राज्याच्या शिक्षण विभागाने अशा अनुभवी सेवेशी जोडून घेऊन मराठीतून, केवळ शिक्षकांसाठी, एक स्वतंत्र वाहिनी उभी केली असती तर ती शिक्षकांच्या अधिक जवळची झाली असती, असे माझे मत आहे.

समुपदेशनाच्या मर्यादेचा मुद्दा मात्र केवळ या सेवेपुरता नाही. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायचे ठरले आणि त्याआधी शिक्षकांना आरटीपीसीआर चाचणी करून घेणे आवश्यक झाले, तेव्हा चाचणी केंद्रांवर रांगा लागल्या आणि अहवाल हाती येईपर्यंत घरातल्या म्हाताऱ्या आई-वडिलांना वेगळ्या खोलीत ठेवायचे की स्वतः वेगळे राहायचे, हा प्रश्न अनेकांपुढे होता. पुढे वर्ग सुरू झाले, फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये पुन्हा बंद झाले. दहावीची परीक्षा रद्द झाली आणि नववीचे गुण व दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लावण्याचे काम शाळांवर आले. मुंबईत तर या कामासाठी शाळेत पोहोचायला लोकल प्रवासाची परवानगी मिळावी म्हणून शिक्षकांना मागणी करावी लागली. या प्रत्येक टप्प्यावर ताणाचे कारण माणसाच्या मनात नव्हते, ते आदेशाच्या मजकुरात आणि त्याच्या तारखेत होते. दीर्घ श्वास घ्यावा, दिनक्रम ठरवून घ्यावा, बातम्या कमी पाहाव्यात हे सल्ले योग्यच आहेत. दिनक्रम ज्याच्या हाती नाही त्याला ते अपुरे पडतात.

आमच्या शाळेत थोडाफार उपयोग झाला तो साध्या व्यवस्थांचा. रात्री आठनंतर शाळेच्या गटावर मी काही टाकणार नाही आणि वरून आलेली लिंक सकाळी कार्यालयातून लिपिकांच्या मदतीने भरली जाईल, असे ठरवले. सर्वेक्षणाच्या पाळ्या चिठ्ठी टाकून न ठरवता घरी आजारी माणूस असलेल्यांना वगळून ठरवल्या. ज्यांना जास्त पाळ्या आल्या त्यांच्याकडून ऑनलाइन तास काढून घेतले. प्रयोगशाळेची खोली दुपारी एक तास मोकळी ठेवली, तिथे बसून कोणालाही निवांत फोन करता यावा म्हणून. कोणी कोणाला केला हे मी विचारले नाही. ‘मनोदर्पण’च्या सूचनांमध्ये मुख्याध्यापकांसाठी अशा प्रशासकीय गोष्टींचे एक प्रकरण असते, तर मी ते प्रत्येक सहकारी मुख्याध्यापकाला वाचायला लावले असते. मानसिक आरोग्याचा उपक्रम म्हणजे केवळ मन असा अर्थ घेतल्यामुळे ही जागा रिकामी राहिली आहे.

दुसऱ्या लाटेनंतर प्रश्नाचे स्वरूपच बदलले. शिक्षकांचे मृत्यू झाले. उत्तर प्रदेशात एप्रिल २०२१च्या पंचायत निवडणुकांच्या कामानंतर तेथील प्राथमिक शिक्षक संघटनेने १,६२१ मृतांची यादी दिली, तर शासनाच्या शिक्षण विभागाने सुरुवातीला केवळ तीन मृत्यू निवडणूक कामाशी संबंधित मानले. महाराष्ट्रात कोविड कर्तव्यावर मृत्यू आल्यास ५० लाख रुपयांच्या सानुग्रह साहाय्याची तरतूद होती, पण मृत्यू कर्तव्यावर असतानाच आला हे कागदोपत्री सिद्ध करण्याचा भार कुटुंबावर आला की त्यांच्या दुःखाचे रूपांतर फाइलींमागे धावण्यात होते. शेजारच्या बाकावरचा सहकारी गेल्यावर उरलेल्या शिक्षकांनी काय करायचे, त्याच्या वर्गातल्या मुलांना कोणी आणि कसे सांगायचे, स्वतःचे दुःख कुठे ठेवायचे, यासाठी गटाने बसून बोलण्याची सोय हवी असते. एकट्याने फोन लावण्याची मदतवाहिनी या कामाला पुरी पडत नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे माणसेही होती, प्रशिक्षणाचा अनुभवही होता. त्यांना या कामाला लावता आले असते.

शिक्षक नोकरीत टिकून राहण्याच्या दृष्टीने या सेवेकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. आपल्याकडील अनुदानित शाळेतला शिक्षक ताणामुळे सहसा नोकरी सोडत नाही. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, ठरावीक मानधनावर काढायची शिक्षणसेवकाची वर्षे, नेमणुकीच्या मान्यतेची फाइल, पगारासाठी लागणारा शालार्थ क्रमांक एवढे सगळे पार करून मिळालेली जागा कोण सोडेल? तो विनंती बदली मागतो, स्वेच्छानिवृत्तीचे वय मोजतो किंवा नोकरीत राहून मनाने बाजूला होतो. अशा शिक्षकाला समुपदेशनाचा उपयोग होऊ शकतो आणि ‘मनोदर्पण’ने या गटाला डोळ्यांसमोर ठेवून काही केले असते तर त्याचे चीज झाले असते.

ज्यांनी खरोखर नोकरी सोडली ते वेगळे लोक होते. विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत शुल्क येणे थांबले तेव्हा पगार अर्धा झाला, काही ठिकाणी बंदच झाला. घड्याळी तासावर शिकवणाऱ्यांचे तर तासच उरले नाहीत. २० टक्के आणि ४० टक्के अनुदानावरील शाळांतल्या शिक्षकांची पूर्ण पगाराची वाट आधीपासूनच लांबलेली होती. शिक्षणसेवकाला तेव्हा प्राथमिकसाठी महिना ६,००० आणि माध्यमिकसाठी ८,००० रुपये मानधन मिळत असे. ते १६,००० आणि १८,००० झाले ते २०२३ मध्ये, म्हणजे महामारी ओसरल्यावर. या मंडळींपैकी कोणी भाजीची गाडी लावली, कोणी शेतावर परतले, कोणी शिकवण्या सुरू केल्या. देशभरातील शाळांची माहिती देणाऱ्या केंद्र सरकारच्या यूडायस प्लस अहवालानुसार २०२०-२१ मध्ये सुमारे ९६.९६ लाख असलेली शिक्षकसंख्या २०२१-२२ मध्ये ९५.०७ लाखांवर आली आणि घट खासगी शाळांत अधिक होती. यातला प्रत्येक जण ताणामुळेच गेला असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याचा पगार थांबला आहे त्याला फोनवर धीर देऊन वर्गात राखता येत नाही, हे सांगायला अहवालाची गरज नाही.

या बाबतीत तेलंगणाने एप्रिल २०२१ मध्ये केलेली गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. तेथील सरकारने बंद पडलेल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांतील शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना महिना २,००० रुपये आणि २५ किलो तांदूळ देण्याचे ठरवले. रक्कम लहानच होती, तरी तिच्यात ‘तू अजून शिक्षक आहेस’ ही मान्यता होती. इंग्लंडमध्ये ‘एज्युकेशन सपोर्ट’ ही धर्मादाय संस्था शिक्षण क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र, चोवीस तासांची मदतवाहिनी चालवते आणि आर्थिक अडचणीत आलेल्यांना अनुदानही देते. ऐकून घेणारा कान आणि तातडीचा पैसा एकाच दारात मिळणे, ही कल्पना आपल्याकडे शिक्षक संघटना किंवा पतपेढ्या सहज उचलू शकतात. जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षकांच्या पतसंस्था सक्षम आहेत. सभासदांना लाभांश आणि भेटवस्तू देताना त्या कधी हात आखडता घेत नाहीत.

एकूण गुण द्यायचे तर सेवेच्या हेतूला आणि वरिष्ठांपासून दूर असलेल्या रचनेला पाचपैकी चार, शिक्षकांसाठीच्या स्वतंत्र विचाराला दोन आणि शिक्षक टिकवण्याच्या बाबतीत शून्य. कारण तो हेतूच तिच्या आराखड्यात नव्हता आणि नसलेल्या गोष्टीला अर्धा गुण देणे बरे नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शनाखाली ‘टेली-मानस’ ही सर्वांसाठीची मदतवाहिनी सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६, पाच आकडी आणि चोवीस तास चालू, आणि मराठीतून बोलण्याची सोय आहे. ‘मनोदर्पण’चा क्रमांक आणि वेळ यांविषयी वर केलेल्या दोन्ही तक्रारी तिथे लागू पडत नाहीत. त्यामुळे एखाद्या शिक्षकाने आज मला विचारले तर स्वतःसाठी मी त्याला १४४१६ सांगते आणि वर्गातल्या मुलाविषयी सल्ला हवा असेल तर ‘मनोदर्पण’चे साहित्य व समुपदेशकांची सूची पाहायला सांगते. रात्रीच्या लिंकबद्दल तक्रार असेल तर ती मात्र केंद्रप्रमुखांच्या पुढच्या बैठकीत, लेखी स्वरूपात, इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने मांडायला सांगते.